लाख, कोटी, मिलियन, बिलियन : मोठ्या रकमा न चुकता लिहिण्याची आणि बदलण्याची रीत

मी वृत्तपत्रात रात्रपाळीला उपसंपादक होतो तेव्हाची गोष्ट. इंग्रजीतून आलेल्या एका बातमीत '१.२ बिलियन' असा आकडा होता. पान सोडायची वेळ झाली होती. मी '१२ कोटी' लिहिलं आणि मोकळा झालो. खरा आकडा १२० कोटी. दुसऱ्या दिवशी एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. "अहो, एक आणि दोन दोघेही बरोबर लिहिलेत, फक्त चुकीच्या घरात राहायला पाठवलेत."

त्यानंतर अशा बऱ्याच चुका पाहिल्या, काही माझ्या, काही इतरांच्या. जवळजवळ सगळ्या याच जातीच्या. अंक बरोबर, घर चुकलेलं. म्हणून या लेखातली प्रत्येक रीत अंकाआधी घर पक्कं करण्याची आहे. पाठांतर फार नाही, कागद-पेन्सिल मात्र जवळ ठेवा.

घरं आणि स्वल्पविराम

शाळेत म्हटलेलं आठवा : एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज. ही माळ उजवीकडून डावीकडे चालते आणि दर पावलाला दहापट होते. आपला स्वल्पविराम मात्र दर घराला पडत नाही. उजवीकडून पहिला तीन अंकांनंतर, पुढचे दर दोन अंकांनंतर. त्यामुळे स्वल्पविरामांच्या मधले कप्पे आपण बोलतो त्याच शब्दांचे होतात : कोटी, लाख, हजार आणि शेवटचा तीन अंकांचा कप्पा.

लांबलचक संख्या समोर आली की हे कप्पे कागदावर आखा. उदाहरणार्थ ५०००७०४० ही संख्या. उजवीकडून ०४० वेगळे करा, मग ०७, मग ००, उरले ५. म्हणजे ५,००,०७,०४०. आता डावीकडून कप्प्यांची नावं घेत वाचा : पाच कोटी, लाख नाहीत, सात हजार, शेकडे नाहीत, चाळीस. पाच कोटी सात हजार चाळीस.

'लाख नाहीत' हे मनातल्या मनात म्हणायचंच. रिकाम्या कप्प्यावरून उडी मारणारा माणूस उलट दिशेला, अक्षरातून अंकात जाताना, तो कप्पा विसरतो. 'पाच कोटी सात हजार चाळीस' ऐकून ५,०७,०४० किंवा ५,०७,००,०४० लिहिणारे मी पाहिले आहेत. नियम एवढाच, की कोटी हा शब्द आला की त्याच्या उजवीकडे सात अंक हवेतच, लाख आला की पाच, हजार आला की तीन. लिहून झालं की बोट ठेवून मोजा.

आता एक खरी संख्या. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या इंग्रजी पद्धतीच्या स्वल्पविरामांनी ११२,३७४,३३३ अशी लिहिलेली सापडते. ते स्वल्पविराम जागेवर ठेवून अर्थ लावायचा प्रयत्न करू नका, सरळ पुसून टाका : ११२३७४३३३. मग आपले घाला : ११,२३,७४,३३३. अकरा कोटी तेवीस लाख चौऱ्याहत्तर हजार तीनशे तेहेतीस. दोन्ही पद्धतींत शेवटच्या तीन अंकांआधीचा स्वल्पविराम तोच राहतो, बाकीचे सरकतात. तो एक जागचा हलला असेल तर काहीतरी बिघडलं आहे.

कोटीच्या पलीकडे

इथे बहुतेक शालेय पुस्तकं पटकन पुढे जातात, म्हणून जरा थांबतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकूण खर्चाचा अंदाज ५०,६५,३४५ कोटी रुपये होता. हा आकडा 'कोटी' शब्द न वापरता पूर्ण अंकांत लिहायचा झाला आणि स्वल्पविराम दोन-दोननेच चालू ठेवला, तर ५,०६,५३,४५,००,००,००० असं काहीतरी तयार होतं. गणिताच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण यात '५० लाख ६५ हजार कोटी' कुठेच दिसत नाही, कारण कोटीच्या डावीकडे उरलेली संख्या आपण पुन्हा नव्याने हजार-लाखांत वाचतो आणि स्वल्पविरामांना ते माहीत नसतं.

माझा सल्ला असा, की रक्कम शंभर कोटींच्या वर गेली की पूर्ण अंक लिहूच नका. 'कोटी' हा शब्द एकक म्हणून घ्या आणि त्याच्या आधीची संख्या नेहमीसारखी लिहा. ५०,६५,३४५ कोटी. लाख कोटी हा शब्दप्रयोग काही लोकांना अडाणी वाटतो. मला तो फार सोयीचा वाटतो, कारण तो बरोबर एक ट्रिलियन असतो.

आपल्याकडे मोठ्या संख्यांना नावं कमी नव्हती. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध येतो. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. यातला अब्ज तेवढा आज मराठीत चालतो : एकावर नऊ शून्यं, म्हणजे शंभर कोटी, म्हणजेच एक बिलियन. त्या क्रमाने लाख कोटीचं नाव महापद्म होतं, पण अर्थमंत्र्यांनी पन्नास महापद्मांचा अर्थसंकल्प मांडला असं लिहून पाहा, कोणी वाचणार नाही.

खर्व मात्र वापरू नका, आणि हिंदीतून भाषांतर करताना तर अजिबात नको. या क्रमात खर्व म्हणजे एकावर दहा शून्यं, हजार कोटी. हिंदीतला 'खरब' म्हणजे एकावर अकरा शून्यं, दहा हजार कोटी. 'अरब' आणि 'अब्ज' एकच आहेत, म्हणून 'खरब' आणि 'खर्व'ही एकच असतील असं वाटतं आणि आकडा दहापटीने घसरतो.

संख्या अक्षरी लिहिताना

मराठी संख्यानामं अवघड आहेत, हे मान्य करायला हरकत नाही. एकवीस ते नव्व्याण्णवमध्ये आधी एकक उच्चारला जातो, मग दशक. 'पंचवीस'मध्ये पाच आधी येतो, लिहिताना मात्र दोन आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन सुचवलं गेलं, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. त्यामागे उच्चाराचा आणि लेखनाचा हा उलटा क्रम आणि जोडाक्षरांची अडचण, हीच कारणं होती. बोलताना कोणती पद्धत बरी यावर वाद घाला, पण चेकवर आणि दस्तावर अजून 'पंचवीस'च लिहायचं आहे.

चुका होतात त्या जागा ठरलेल्या आहेत. 'एकोण' म्हणजे एक उणे : एकोणपन्नास ४९, एकोणसाठ ५९, एकोणसत्तर ६९, एकोणऐंशी ७९, एकोणनव्वद ८९. ९९ ला मात्र हा नियम सोडून नव्व्याण्णव होतं. सत्तर, ऐंशी आणि नव्वदच्या घरात एकसारख्या सुरुवातीचे शब्द येतात : त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. सत्त्याहत्तर, सत्त्याऐंशी, सत्त्याण्णव. इथे शब्दाच्या शेपटाकडे बघा, दशक तिथे लपलेला असतो. फोनवर रक्कम सांगताना तर शब्दानंतर अंकही सुटे सांगा. 'सदुसष्ट हजार, सहा-सात हजार.' 'सात' आणि 'साठ' यांतला फरक खराब आवाजाच्या फोनवर राहत नाही.

शंभर हा शब्द फक्त बरोबर शंभराला. त्यापुढे एकशे. एकशे एक, एकशे पंचवीस. 'शे' मागच्या शब्दाला जोडून लिहा : सातशे, नऊशे. हजार, लाख, कोटी सुटे. बोलताना आपण अकराशे, पंधराशे म्हणतो. कायदेशीर कागदावर ते 'एक हजार शंभर', 'एक हजार पाचशे' लिहिलेलं बरं, म्हणजे अंकांचे कप्पे आणि शब्द एकमेकांसमोर येतात.

पाऊण, सव्वा, दीड आणि दशांश चिन्ह

हे प्रकरण सगळ्यात जास्त घोटाळ्याचं आहे आणि सगळ्यात मराठीही. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकीसुद्धा पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन. 'औट घटकेचं राज्य' म्हणतो तेव्हा तेच माप वापरत असतो. पाढे गेले, शब्द राहिले.

लाखावर लावून पाहू. पाव लाख २५,०००. पाऊण लाख ७५,०००. सव्वा लाख १,२५,०००. दीड लाख १,५०,०००. पावणेदोन लाख १,७५,०००. सव्वादोन लाख २,२५,०००. अडीच लाख २,५०,०००. पावणेतीन लाख २,७५,०००. साडेतीन लाख ३,५०,०००. साडेएक आणि साडेदोन मराठीत नाहीत, त्यांची जागा दीड आणि अडीच यांनी घेतली आहे. पावणे म्हणजे पुढच्या संख्येला पाव कमी, त्यामुळे 'पावणेदोन'मध्ये दोनचा अंक पहिल्या जागी कधीच येत नाही. हे मराठी नव्याने शिकणाऱ्यांना सांगावं लागतं, आणि हल्ली घरातल्या मुलांनाही.

पाव कशाचा, हे पुढे कोणता शब्द आला त्यावर ठरतं. सव्वाशे म्हणजे १२५, कारण शंभराचा पाव २५. सव्वा हजार १,२५०. सव्वा कोटी म्हणजे एक कोटी पंचवीस लाख. सव्वाशे कोटी म्हणजे १२५ कोटी. शेवटच्या दोघांत शंभरपटीचा फरक आहे आणि ऐकताना फक्त एका 'शे'चा.

आता दशांश. '२.५ लाख' म्हणजे किती? अडीच लाख. पण '२ लाख ५ हजार'चं दशांश रूप २.५ लाख नाही, ते २.०५ लाख. ही चूक सुशिक्षित माणसंही रोज करतात, कारण पॉइंटच्या उजवीकडचा पाच पाहून डोळा 'पाच हजार' वाचतो. उपाय सोपा आहे. एका लाखात शंभर हजार आणि एका कोटीत शंभर लाख असतात. शंभराला दोन जागा लागतात. म्हणून :

लाखाच्या दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन अंक हजार.
कोटीच्या दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन अंक लाख, त्यापुढचे दोन हजार.

दोन अंक नसतील तर उजवीकडे शून्य घालून दोन करा. ६.४ लाख म्हणजे ६.४०, सहा लाख चाळीस हजार. ४.८ कोटी म्हणजे ४.८०, चार कोटी ऐंशी लाख. चार कोटी आठ लाख लिहायचे तर ४.०८. चार कोटी आठ हजार तर ४.०००८. आणि ३.०७२५ कोटी दिसलं की घाबरायचं नाही : तीन कोटी, ०७ लाख, २५ हजार.

कंपन्यांच्या ताळेबंदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'रु. लाखांत' किंवा 'रु. कोटींत' लिहिलेलं असतं. ती ओळ आधी वाचा, मग आकडे. समजा लाखांत १२,४५०.३० असा आकडा आहे. डावीकडचे १२,४५० लाख म्हणजे १२४ कोटी ५० लाख, दशांशातले ३० हजार. उत्तर : १२४ कोटी ५० लाख ३० हजार. लाखांचे कोटी करताना उजवीकडचे दोन अंक तोडायचे, बस.

चेक आणि दस्त

मराठी कागदांवर रक्कम दोनदा येते, अंकी आणि अक्षरी. 'रु. ४५,५०,०००/- (अक्षरी रुपये पंचेचाळीस लाख पन्नास हजार फक्त)'. हा दोनदा लिहिण्याचा उद्योग उगाच नाही. अंकांत एक शून्य वाढवायला क्षणभर पुरतो, 'पंचेचाळीस लाख'चं 'साडेचार कोटी' करायला नाही. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ नुसार अंकी आणि अक्षरी रकमेत तफावत असेल तर अक्षरी रक्कम खरी धरली जाते. व्यवहारात मात्र बँक अशा चेकवर डोकं खाजवत बसत नाही, 'अंकी व अक्षरी रकमेत फरक' असा शेरा मारून परत पाठवते. दोन्ही जुळवून लिहिणं म्हणूनच तुमच्या फायद्याचं.

लिहिताना हा क्रम ठेवा. आधी अक्षरी रक्कम लिहा, मग तीच वाचत वाचत अंक भरा. बहुतेक लोक उलट करतात, आणि अंक लिहिताना झालेली चूक अक्षरांतही इमानाने उतरवतात. 'रुपये' या छापील शब्दाला चिकटून सुरुवात करा. आधी जागा सोडली तर 'दोन हजार'च्या मागे 'एक लाख' आरामात बसतं. शेवटी 'फक्त' किंवा 'मात्र' लिहा आणि उरलेल्या जागेत रेघ ओढा. अंकांच्या शेवटी '/-' घाला, त्याचंही काम तेच, पुढे कोणी अंक घुसवू नये. पैसे असतील तर 'एक लाख सात हजार पन्नास रुपये आणि पंचवीस पैसे फक्त', अंकांत १,०७,०५०.२५. पैसे दोन अंकीच लिहा, पाच पैसे ०.०५ आणि पन्नास पैसे ०.५०. पैसे आले की '/-' गाळा.

खाडाखोड नको. चेकची प्रतिमा पाठवून वटवणूक होऊ लागल्यापासून रकमेत किंवा नावात दुरुस्ती केलेला चेक चालत नाही, बाजूला सही करण्याची जुनी सोय संपली. चुकलं तर नवीन चेक.

मराठीत चेक लिहिता येतो का, हा प्रश्न मला अजून विचारला जातो. येतो. हिंदी, इंग्रजी किंवा त्या प्रदेशाची भाषा, यांतल्या कोणत्याही भाषेत ग्राहकाने चेक लिहावा असं रिझर्व्ह बँकेचं धोरण आहे. फक्त अंकांची सरमिसळ टाळा. देवनागरीतला एक घाईच्या अक्षरात इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि चार तर थेट इंग्रजी आठसारखा. एकाच कागदावर दोन्ही लिप्यांतले अंक आले की वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागतो, आणि रकमेच्या बाबतीत अंदाज नको.

मिलियन-बिलियनचं लाख-कोटी

एवढ्या तयारीनंतर हे सोपं आहे. इंग्रजी पद्धत दर तीन अंकांनी नाव बदलते : थाउजंड, मिलियन, बिलियन, ट्रिलियन. आपली हजारानंतर दर दोन अंकांनी. दोन्ही गाड्या काही स्थानकांवरच एकत्र येतात, आणि ती स्थानकं पाठ असली की झालं :

१ मिलियन = १० लाख (सहा शून्यं)
१० मिलियन = १ कोटी (सात शून्यं)
१ बिलियन = १०० कोटी (नऊ शून्यं)
१ ट्रिलियन = १ लाख कोटी (बारा शून्यं)

मिलियनला मराठीत दशलक्ष आणि बिलियनला अब्ज आहेच. दशलक्ष हा शब्द उत्तम, कारण रूपांतर त्याच्या नावातच लिहिलेलं आहे.

रीत अशी. मिलियनमधला आकडा दहापेक्षा कमी असेल तर दहाने गुणा आणि लाख लावा. ३.७५ मिलियन म्हणजे ३७.५ लाख, साडेसदतीस लाख. ०.६ मिलियन म्हणजे ६ लाख. आकडा दहा किंवा जास्त असेल तर दहाने भागा आणि कोटी लावा. ४८ मिलियन म्हणजे ४.८ कोटी, आणि वरचा दोन अंकांचा नियम लावून चार कोटी ऐंशी लाख. ६४० मिलियन म्हणजे ६४ कोटी. बिलियन असेल तर शंभराने गुणा आणि कोटी लावा. १.२ बिलियन म्हणजे १२० कोटी (माझ्या त्या रात्रीचा आकडा). ७.०५ बिलियन म्हणजे ७०५ कोटी. ट्रिलियनचा आकडा तसाच ठेवून पुढे 'लाख कोटी' लिहा. ०.३५ ट्रिलियन म्हणजे ०.३५ लाख कोटी, म्हणजे ३५,००० कोटी.

परतीचा रस्ता : लाखांना दहाने भागलं की मिलियन, कोटींना दहाने गुणलं की मिलियन, कोटींना शंभराने भागलं की बिलियन. ८५ लाख = ८.५ मिलियन. १८ कोटी = १८० मिलियन. ३,२५० कोटी = ३२.५ बिलियन. रूपांतर केल्यावर एकदा परतीच्या रस्त्याने जाऊन या. दहा सेकंद लागतात.

जुनी ब्रिटिश पुस्तकं किंवा युरोपातली कागदपत्रं हाताळणाऱ्यांसाठी एक इशारा. ब्रिटनमध्ये पूर्वी बिलियन म्हणजे एकावर बारा शून्यं असत. तिथल्या सरकारने १९७४ मध्ये नऊ शून्यांचा अर्थ स्वीकारला. जर्मनमध्ये आजही नऊ शून्यांना 'मिलियार्ड' म्हणतात आणि 'बिलियोन' बारा शून्यांचा असतो. मूळ जर्मन मजकुरातला 'बिलियोन' थेट अब्ज केला तर हजारपटीचा खड्डा पडतो.

डॉलरचे रुपये

इथे दोन कामं एकदम असतात, एकक बदलणं आणि दराने गुणणं. आधी एकक बदला. दर रोज हलतो, उदाहरणापुरता डॉलरला ८५ रुपये धरू. २.४ मिलियन डॉलर = २४ लाख डॉलर. गुणिले ८५ = २,०४० लाख रुपये = २०.४० कोटी रुपये.

रोजचं काम असेल तर थेट सूत्रं लक्षात ठेवा. मिलियन गुणिले दर, भागिले दहा, उत्तर कोटींत. बिलियन गुणिले दर गुणिले शंभर, उत्तर कोटींत : ३.५ बिलियन डॉलरचे २९,७५० कोटी रुपये. ट्रिलियन गुणिले दर, उत्तर लाख कोटींत. ज्या 'पाच ट्रिलियन डॉलर अर्थव्यवस्थे'बद्दल इतकी वर्षं ऐकतो आहोत, ती या दराने ४२५ लाख कोटी रुपयांची.

एक गोष्ट मला बातम्यांत खटकते. मूळ मजकुरात 'सुमारे २.४ मिलियन डॉलर' असतं आणि मराठीत '२० कोटी ४० लाख रुपये' छापलं जातं, जणू कोणी मोजून आलं आहे. मूळ आकडा दोन अंकांइतकाच नेमका होता, दरही हलता. 'सुमारे २० कोटी रुपये' लिहा. कराराच्या कागदावर मात्र गोल करू नका, तिथे कोणत्या तारखेचा दर धरला तेही लिहा.

संक्षेपांत लपलेले मिलियन

पावसाळ्यात धरणांच्या बातम्यांत 'टीएमसी' येतो. त्यातला टी म्हणजे थाउजंड आणि एम म्हणजे मिलियन. हजार दशलक्ष घनफूट, म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजे शंभर कोटी घनफूट. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे १०,५२५ कोटी घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३२ लिटर पाणी मावतं, त्यामुळे एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर. शहराच्या पाणीपुरवठ्याची भाषा 'एमएलडी'ची, दिवसाला दशलक्ष लिटर. हजार एमएलडी लागणारं शहर दिवसाला शंभर कोटी लिटर पाणी घेतं, म्हणजे एक टीएमसी त्याला सुमारे २८ दिवस पुरतं. टीएमसी आणि एमएलडी दोन्ही कोटींत आणल्याशिवाय हे उत्तर सुचत नाही.

पगाराच्या जाहिरातीतला 'एलपीए' म्हणजे वर्षाला लाख. आकड्याला चिकटलेला 'के' म्हणजे हजार. इंग्रजी हिशोबांत कधी 'एमएम' दिसतो, तो मिलियनच : रोमन एम हजाराचा, दोनदा लिहिला की हजार हजार. सुटा एम कोणी हजारासाठी वापरतो, कोणी मिलियनसाठी, तेव्हा विचारून घ्या.

संगणकावर

एक्सेलमध्ये स्वल्पविराम तीन-तीनने पडत असतील तर दोष बहुधा विंडोजच्या सेटिंगमध्ये असतो. कंट्रोल पॅनलमध्ये रीजन, तिथे ॲडिशनल सेटिंग्ज, आणि डिजिट ग्रुपिंगमध्ये १२,३४,५६,७८९ असा नमुना निवडा. एकाच फाईलवर दोन संगणकांवर वेगवेगळे स्वल्पविराम दिसतात ते यामुळेच, आकडा तोच असतो.

एक्सेल संख्येचे पहिले पंधरा अंकच जपतं. सोळा अंकी कार्ड क्रमांक संख्या म्हणून टाईप केला तर शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. खाते क्रमांक, कार्ड क्रमांक यांची बेरीज कोणी करत नाही, ते आधी टेक्स्ट स्वरूप देऊन मगच भरा.

डोकेमोजणी

सगळं झाल्यावर मी एक शेवटची तपासणी करतो. मोठी सार्वजनिक रक्कम असेल तर ती डोक्यांमागे वाटून पाहतो. देशाची लोकसंख्या ढोबळमानाने १४० कोटी धरा. ५०,६५,३४५ कोटींचा अर्थसंकल्प भागिले १४० कोटी. कोटीला कोटी कटले, उरले ५०,६५,३४५ भागिले १४०, म्हणजे माणशी सुमारे ३६,००० रुपये. पटण्याजोगं आहे. कोणी घाईत ५०,६५३ कोटी छापलं असतं तर हाच भागाकार माणशी ३६० रुपयांवर आला असता, आणि एवढ्यात रेल्वे, सैन्य, खतं आणि कर्जावरचं व्याज भागत नाही हे कोणालाही कळलं असतं. खासगी रकमांना लोकसंख्येऐवजी दुसरा भाजक शोधा : पगाराचा आकडा असेल तर बारा महिने, जागेचा असेल तर चौरस फूट, प्रकल्पाचा असेल तर किलोमीटर.